अभ्यासक्रम दिल्लीचा, मुंबईचा की पुण्याचा?

गेल्या काही वर्षांत छापलेलं बालभारतीचं एखादं पुस्तक घ्या, मुखपृष्ठ उलटा आणि बारीक अक्षरांतली ओळ शोधा. शासन निर्णय क्रमांक अभ्यास-२११६, दिनांक २५.४.२०१६, त्या निर्णयाने नेमलेली समन्वय समिती आणि अमुक शैक्षणिक वर्षापासून हे पुस्तक निर्धारित करायला त्या समितीने दिलेली मान्यता, एवढं सगळं त्या एका वाक्यात असतं. पुस्तक पोराच्या दप्तरात कुणाच्या हुकमाने आलं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. निर्णय मुंबईच्या मंत्रालयाचा, काम पुण्याच्या बालभारतीचं. दिल्लीचं नाव त्या वाक्यात कुठेच नाही.

तरी नागपुरात पालकांच्या सभेत, शिक्षकांच्या खोलीत, बर्डीच्या पुस्तकांच्या दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता सगळं दिल्लीहून ठरतं.’ हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं ठाऊक नसल्यामुळे तक्रार चुकीच्या दारात जाते. ज्याने निर्णय घेतला तो नामानिराळा राहतो.

आधी घटना. १९५० साली शिक्षण राज्यसूचीत होतं, ११ व्या नोंदीत. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते ३ जानेवारी १९७७ पासून समवर्ती सूचीत, २५ व्या नोंदीत गेलं. समवर्ती म्हणजे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. दोन कायद्यांचा एकमेकांना छेद गेला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. राष्ट्रपतींची संमती मिळवलेला राज्याचा कायदा मात्र त्या राज्यापुरता टिकू शकतो. पण छेद जायला आधी केंद्राचा कायदा हवा ना! पाचवीच्या गणितात काय असावं, सातवीच्या इतिहासात कोणता कालखंड यावा, हे सांगणारा संसदेचा कायदा नाहीच. २९ जुलै २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे धोरण आहे, अधिनियम नव्हे. शालेय आराखडे आणि पुस्तकं तयार करणारी दिल्लीची एनसीईआरटी ही १९६१ साली स्थापन झालेली नोंदणीकृत सोसायटी आहे. तिने केलेले आराखडे, म्हणजे १९७५, १९८८, २०००, २००५ आणि २०२३ चा, राज्यांना दिशा देतात. राज्याच्या शाळांना ते आपोआप लागू होत नाहीत.

केंद्राचा जो एक कायदा शाळेच्या वर्गापर्यंत पोचतो तो २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याची दोन कलमं शेजारी ठेवून वाचायला हवीत. कलम ७(६) सांगतं की राष्ट्रीय अभ्यासक्रमाची चौकट केंद्र सरकार तयार करील. कलम २९ सांगतं की पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ‘समुचित शासनाने’ ठरवलेलं विद्या प्राधिकरण निश्चित करील. समुचित शासन कोण, ते कलम २(क) मध्ये आहे. शाळा केंद्राच्या मालकीची किंवा नियंत्रणाखालची असेल तर केंद्र, बाकी सगळ्या शाळांसाठी राज्य. आपल्याकडे ते काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. नागपूर जिल्ह्यात अजनी, वायुसेनानगर, अंबाझरी यांसारखी केंद्रीय विद्यालयं आणि नवेगाव खैरीचं नवोदय विद्यालय केंद्राच्या बाजूला येतात. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, अनुदानित, विनाअनुदानित अशा बाकी झाडून सगळ्या शाळा राज्याच्या.

म्हणूनच तिसऱ्या भाषेचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. ‘राज्याचा हात केंद्राने धरला’ असं तेव्हा बरंच बोललं गेलं, पण कागद वेगळं सांगतात.

१६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. विरोध झाल्यावर १७ जूनला दुरुस्त निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ गेलं, ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी, तेवढे नसतील तर ती ऑनलाइन शिकवली जाईल, अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचं जाहीर झालं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं.

आता दिल्लीचे कागद. धोरणाच्या ४.१३ परिच्छेदात त्रिभाषा सूत्र आहे. कुठलीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, तीन भाषा राज्य, प्रदेश आणि विद्यार्थी निवडतील, त्यांतल्या किमान दोन भारतीय असाव्यात, असं तिथे म्हटलं आहे. लहान वयात वेगवेगळ्या भाषा कानावर पडाव्यात असंही धोरण म्हणतं, पण त्यातला भर मातृभाषेवर आहे. आणि २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून धरलेली आहे. थोडक्यात, पहिलीत हिंदी आणा असा कुठलाही बंधनकारक आदेश दिल्लीहून आलेला नव्हता. पहिलीचा निर्णय मंत्रालयात घेतला गेला आणि त्याची जबाबदारीही तिथलीच.

हा निर्णय वर्गात उतरला असता तर काय झालं असतं, ते एका शाळेपुरतं मोजून पाहू. रामटेक किंवा भिवापूर तालुक्यातली पहिली ते चौथीची, ३५ पटाची जिल्हा परिषद शाळा धरा. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. चार इयत्ता, दोन गुरुजी, म्हणजे प्रत्येकाकडे एकाच वेळी दोन वर्ग. त्याच अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, दिवसाला सरासरी ४ तास. गुरुजींसमोर दोन इयत्ता असल्यामुळे एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचं थेट लक्ष येतं ते २ तास. त्या २ तासांत मराठी, गणित, २००० सालापासून पहिलीत आलेली इंग्रजी, आणि शिवाय कला, खेळ. तिसरी भाषा आली की तिची तासिका यातूनच कापायची. ती बहुधा मराठीच्या वाचनातून कापली जाते, कारण मराठी ‘पोरांना येतेच’ असं समजलं जातं. बोलता येणं आणि वाचता येणं यांत काय अंतर आहे हे पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं.

राहिली २० ची अट. ३५ पटात एका इयत्तेत आठ-नऊ मुलं. वीस जणांनी गुजराती किंवा तेलुगू मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कागदावर पर्याय होता, पण या शाळेत त्यासाठी शिक्षक येणार नव्हता, फार तर ऑनलाइन तास. नागपूर शहरात हिंदी रस्त्यावर, दुकानात, शेजारी कानावर पडते. जुन्या मध्य प्रांताची राजधानी राहिलेलं हे शहर आहे, इथल्या पोराला हिंदी परकी नाही. इथल्या आक्षेपाचं मूळ हिंदीच्या द्वेषात शोधणाऱ्यांना हे शहर कळलेलं नाही. पोर वाचायला शिकत असतानाच्या दोन वर्षांत तिसरं ओझं नको, एवढंच म्हणणं होतं. पाचवीपासून हिंदी आपल्याकडे शिकवलीच जाते.

भाषेचा हाच प्रश्न गडचिरोलीच्या बाजूने पाहिला तर आणखी टोकदार होतो. तिथल्या गोंडी बोलणाऱ्या पोराला शाळेतली पहिली भाषा मराठी हीच घरापासून वेगळी असते. अनुच्छेद ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निर्देश देऊ शकतात. केंद्राला भाषेच्या बाबतीत घटनेने दिलेला खरा हात हा आहे. तो गोंडीसाठी वापरावा असं मला मनापासून वाटतं.

राज्याच्या हातालाही मर्यादा आहेत. दोन निकाल ध्यानात ठेवावेत. २००४ साली उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुजराती अल्पसंख्याक शाळांतही मराठी सक्तीची करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. २०१४ साली कर्नाटकच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक वर्गांत मातृभाषेचं माध्यम राज्य लादू शकत नाही. भाषा विषय म्हणून शिकवायला लावता येते, माध्यम म्हणून नाही. २०२० चा मराठी सक्तीच्या अध्यापनाचा आपला अधिनियम नेमका या रेषेच्या आत उभा आहे. तो सगळ्या मंडळांच्या शाळांना लागू आहे. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत न्यायचा होता आणि मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मराठी विषय आहे, पण त्याचे गुण धरले जात नाहीत, तासिका आठवड्यात एकदा, तीही परीक्षेच्या आधी बंद, असं शहरातल्या एखाद्या शाळेत होत असेल तर तो राज्याच्या कायद्याचा भंग आहे. सीबीएसईकडे लिहून उपयोग नाही.

आता सीबीएसई शाळांबद्दल, कारण नागपुरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. अशा शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर दोन क्रमांक दिसतील. एक ११ अंकी युडायस क्रमांक, सुरुवात २७०९. यातले २७ महाराष्ट्राचे, ०९ नागपूर जिल्ह्याचे. दुसरा सीबीएसईचा संलग्नता क्रमांक, महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी ११३ ने सुरू होणारा. एकाच इमारतीवर दोन सत्ता कशा नांदतात ते या दोन आकड्यांत दिसतं. शाळेची मान्यता आणि ना हरकत राज्याची. शुल्काला २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियम लागू. शिक्षणहक्क कायद्याखाली वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के प्रवेशांची सोडत राज्य काढतं. मराठीची सक्ती राज्याची. नववी ते बारावीचा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि बोर्डाची परीक्षा मात्र दिल्लीची. पहिली ते आठवीचं काय? कलम २९ अक्षरशः वाचलं तर खासगी सीबीएसई शाळेचं समुचित शासनही राज्यच आहे, प्रत्यक्षात मात्र या शाळा एनसीईआरटीच्या वाटेने चालतात. ही फट कायद्यातच राहून गेली आहे. म्हणून फी वाढली की सीबीएसईला ईमेल करणारे आणि दहावीच्या पुस्तकातला धडा गळाला की शिक्षणाधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बसणारे, दोघेही वेळ घालवतात.

केंद्राचा कायदा राज्याला वाकवता येत नाही याचंही ताजं उदाहरण याच २५ टक्क्यांचं आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला.

धडा गळण्यावरून एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. एनसीईआरटीने ‘ओझं कमी करण्यासाठी’ केलेल्या काटछाटीत दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा गेला आणि आनुवंशिकतेच्या धड्यातला उत्क्रांतीचा भाग काढला गेला. त्याच वेळी बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ मध्ये दुसरा धडा ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ होता आणि ‘भाग २’ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. धरमपेठेत एकाच जिन्यावर राहणारी, वेगवेगळ्या मंडळांच्या शाळांत जाणारी दोन दहावीची पोरं घ्या. एकाने मेंडेलीव्हची सारणी आणि डार्विन परीक्षेसाठी वाचला, दुसऱ्याने नाही. विज्ञान घेऊन अकरावीला न जाणाऱ्या मुलाला पुढे ते कधीच भेटणार नाही. राज्याच्या हाती अभ्यासक्रम असण्याचं मोल मला इथे दिसतं. एका दाराने चूक आत आली तरी सगळ्या घरात पसरत नाही.

राज्याची पुस्तकं जवळचं दाखवू शकतात, हेही मोल लहान नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या जिल्हावार आवृत्त्या निघाल्या आणि नागपूर जिल्ह्याचं पुस्तक वेगळं झालं. चौथीचं परिसर अभ्यासाचं दुसरं पुस्तक अख्खं शिवाजी महाराजांवर निघालं. देशभरासाठी एकच पुस्तक काढणाऱ्या संस्थेला हे जमणारं नाही.

पण राज्याच्या हाती आहे म्हणून काम आपोआप नीट होतं असंही नाही. २०२३ साली दप्तराचं ओझं कमी करायला पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, पुस्तकाचे चार भाग केले. जानेवारी २०२५ मध्ये ती योजना रद्द झाली. मुलं त्या पानांवर लिहीत नव्हती, वेगळ्या वह्या आणतच होती, म्हणजे ओझं होतं तिथेच आणि कागद दुप्पट. आधी काही शाळांत वर्षभर करून पाहिलं असतं तर हे सहज कळलं असतं.

मग ‘सगळं दिल्लीहून ठरतं’ हे अर्धं खरं का? कारण केंद्राची खरी ताकद कायद्यात कमी आणि पैशात व परीक्षेत जास्त आहे.

पैसा आधी. समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आठवीपर्यंतची मोफत पुस्तकं, गणवेश, प्रशिक्षण यांची तरतूद यातूनच होते. योजनेचा निकष पुस्तकांसाठी प्राथमिकला वर्षाला २५० आणि उच्च प्राथमिकला ४०० रुपये, गणवेशाला ६०० रुपये असा आहे. २०२२ मध्ये निवडक शाळा नमुनेदार करण्यासाठी केंद्राची पीएम श्री शाळांची योजना आली. तिच्या करारात राष्ट्रीय धोरण राबवण्याचं कलम आहे. महाराष्ट्राने सही केली. १९६८ पासून दोनच भाषा शिकवणाऱ्या तमिळनाडूने केली नाही, तर २०२४-२५ चा समग्र शिक्षाचा केंद्राचा हप्ताच अडला. रक्कम दोन हजार कोटींच्या वर. मे २०२५ मध्ये ते राज्य केंद्र-राज्य वादांसाठीच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याने सांगता येत नाही ते करारातून वदवून घ्यायचं, असा हा मार्ग आहे आणि तो भारतापुरता नाही. अमेरिकेत केंद्रीय शिक्षण खात्याने अभ्यासक्रमात हात घालू नये असं १९७९ च्या कायद्यातच लिहिलं आहे, तरी २००९ नंतर ४.३५ अब्ज डॉलरच्या स्पर्धात्मक अनुदानाने कितीतरी राज्यांना सामाईक मानकांकडे वळवलं. इतकी ओरड झाली की २०१५ च्या कायद्यात तसं दडपण आणायला पुन्हा स्पष्ट मनाई करावी लागली. धोरण पटत असेल तर पैसे न अडवताही पटवता येतं. मुलांच्या पुस्तकांचा आणि शिक्षकांच्या पगाराचा पैसा सहीशी बांधणं मला चूक वाटतं, मग दिल्लीत कुणाचंही सरकार असो.

परीक्षेची ताकद त्याहून मोठी, कारण ती थेट घराघरात पोचते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोग ठरवतो आणि त्याचा पाया एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. उच्च शिक्षणातला दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्रसूचीच्या ६६ व्या नोंदीत असल्यामुळे इथे राज्याला फारसं बोलता येत नाही. परिणाम असा की राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारं पोर दोन पुस्तकं बाळगतं, बारावीच्या परीक्षेसाठी बालभारतीचं आणि नीटसाठी एनसीईआरटीचं.

अडचण नुसत्या दोन पुस्तकांची नाही, क्रमाची आहे. राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्रात परिवलन, द्रायू, औष्णिक गतिशास्त्र, दोलन हे धडे बारावीला आहेत. एनसीईआरटीत तेच अकरावीला. उलट स्थितिक विद्युत आणि विद्युतधारेची सुरुवात राज्यात अकरावीला होते, एनसीईआरटीत बारावीला. क्लासवाले एनसीईआरटीचा क्रम धरतात. अकरावीच्या ऑगस्टमध्ये कॉलेजात एक आणि क्लासात भलतंच चाललेलं असतं, पोराला दोन्हीकडे अर्धवट कळतं. त्यात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी राज्याच्या अभ्यासक्रमावर, सुमारे २० टक्के अकरावी आणि ८० टक्के बारावी, चुकीला गुण कापत नाहीत, गणिताच्या प्रश्नाला २ गुण. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, प्रत्येक चुकीला १ गुण वजा. दोन्ही द्यायच्या असतील तर अकरावीच्या पहिल्याच महिन्यात दोन्ही अनुक्रमणिका समोरासमोर ठेवून एक कागद करा. कुठला धडा राज्यात कोणत्या वर्षी, एनसीईआरटीत कोणत्या वर्षी, आणि कोणता धडा एकाकडेच आहे. दोन तासांचं काम आहे. अकरावी सीबीएसईतून करून बारावीला राज्य मंडळात येणाऱ्याने तर तो कागद केल्याशिवाय प्रवेशच घेऊ नये. स्थितिक विद्युताची सुरुवात त्याची दोन्हीकडे सुटते आणि औष्णिक गतिशास्त्र दोनदा होतं.

एक विषय खास आपला, विदर्भाचा. उन्हाचा. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भात त्याहीनंतर. २०२५ मध्ये उर्वरित राज्यात १६ जूनला, इथे २३ जूनला. राज्य मंडळाचं सत्रही १ एप्रिलला सुरू करावं असा विचार अधूनमधून पुढे येतो. केंद्राच्या कायद्यात तारखा नाहीतच. तिथे फक्त पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास एवढंच आहे. ते कुठल्या महिन्यांत बसवायचे हे राज्याने ठरवायचं. नागपुरात एप्रिलअखेरीस पत्र्याखालच्या वर्गात सकाळी अकराला काय होतं हे पुण्यात बसून कळत नाही. म्हणून सत्राच्या तारखांची मागणी थेट मुंबईला, आणि विदर्भासाठी वेगळी, अशीच लिहायची.

आता कागद कसा वाचायचा. राज्याच्या संकेतस्थळावर शासन निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो, त्याचे पहिले ८ अंक वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जीआरवर संकेतांक नसेल तर तो पुढे पाठवू नका. आत ‘वाचा’ या शीर्षकाखालची यादी आधी बघा. कोणत्या कायद्याचा, कोणत्या आधीच्या निर्णयाचा आधार घेतला ते तिथे कळतं. प्रस्तावनेत ‘राष्ट्रीय धोरणास अनुसरून’ असं म्हटलं असेल तर धोरणातला तो परिच्छेद काढून शब्दशः ताडा. तिसऱ्या भाषेच्या वेळी एवढं केलं असतं तरी पहिल्याच दिवशी वाद सुटला असता. आणि परिपत्रक, शासन निर्णय, अधिनियम या उतरंडीत खालचा वरच्याला ओलांडू शकत नाही हे विसरू नका.

पुस्तकातल्या मजकुरावर आक्षेप असेल तर बालभारतीच्या संचालकांना लिहावं. इयत्ता, विषय, माध्यम, आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष, पान, ओळ, छापलेला मजकूर जसाच्या तसा, त्याखाली तुम्ही सुचवलेला मजकूर आणि त्याचा पुरावा. पुनर्मुद्रणाचं वर्ष लोक हमखास विसरतात. चूक पुढच्या छपाईत दुरुस्त झालेली असली की पत्र तिथेच संपतं. शाळेत मराठी शिकवत नाहीत, फी बेकायदा वाढली, २५ टक्क्यांतल्या मुलाला वेगळं बसवलं, यासाठी आधी शिक्षणाधिकारी, मग विभागाचे शिक्षण उपसंचालक. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी नागपूर विभागीय मंडळ. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत.

उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. मुदत ३० दिवस, दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. सीबीएसई किंवा एनसीईआरटीला अर्ज करायचा तर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून, आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. ‘हा निर्णय का घेतला’ असं विचारू नका, ‘का’ ला उत्तर द्यायचं बंधन नाही. ‘या निर्णयाच्या नस्तीतील टिपण्या आणि समितीच्या बैठकींच्या इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात’ असं मागा.

सगळ्यात परिणामकारक वेळ मात्र निर्णयाआधीची, मसुद्याची. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये, ऐन सुट्टीत संकेतस्थळावर आला आणि हरकती ३ जूनपर्यंत मागवल्या. इतक्या जाड कागदाला जेमतेम दहा-अकरा दिवस, तेही शिक्षक गावी गेलेले असताना. आराखड्याप्रमाणे पहिली २०२५-२६ मध्ये बदलली. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी २०२६-२७ साठी ठेवली होती, पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी २०२७-२८ साठी, आठवी, दहावी आणि बारावी २०२८-२९ साठी. मसुदे याच क्रमाने येत राहतील. शाळेच्या व्यवस्थापन समितीत दोघा पालकांनी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं संकेतस्थळ दर सोमवारी बघायचं काम वाटून घ्यावं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सिव्हिल लाइन्समध्येच भरतं. आपल्या आमदाराच्या हातात एक पानी, परिच्छेद क्रमांकासह लिहिलेली हरकत अधिवेशनाच्या आधीच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यावी. तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशन सुरू होण्याआधीच संपलेली असते.